महिला व्यवस्थापक गैरहजर

गुरुवारी सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी रूपाबाई वसराम राठोड एका पत्र्याच्या शेडमध्ये पुऱ्या लाटत होत्या. समोर परातभर कणीक होती आणि डाव्या हाताला गॅसची भट्टी फुरफुरत होती. छातीवर लावायचा बिल्ला त्यांनी पीठ लागू नये म्हणून काढून कमरेला खोचला होता. बिल्ल्यावर छापलं होतं : महिला संघ व्यवस्थापक.

शेडपासून दीडशे पावलांवर खो-खोचं मैदान होतं. औंढा तालुक्यातल्या शाळांचे सामने तिथे चालू होते आणि यजमानपद एका खासगी संस्थेच्या शाळेकडे होतं. रूपाबाईंचा संघ, म्हणजे त्यांच्या तांड्यावरच्या शाळेच्या बारा मुली, मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसला होता. त्यांचा सामना सव्वाबारा वाजता होता.

रूपाबाई शिक्षिका नाहीत. गेली अकरा वर्षं त्या तांड्यावरच्या शाळेत खिचडी शिजवतात. वय बेचाळीस, शिक्षण चौथी. शाळा सातवीपर्यंत आहे. शिक्षक तीन होते, त्यातल्या एकुलत्या बाई जूनमध्ये बदलून गेल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मुलींच्या संघासोबत एक बाई असावीच लागते. ती हजर नसेल तर संघ मैदानात उतरू शकत नाही. म्हणून शाळा समितीने ठराव केला आणि स्पर्धेच्या अर्जात रूपाबाईंचं नाव घातलं.

नाव नुसतं कागदावर नव्हतं. दुपारची भांडी घासून झाली की रूपाबाई रोज तासभर खांबाजवळ उभ्या राहत आणि कोणती मुलगी उठताना उशीर करते ते सांगत. नियम त्यांना पाहून पाहून पाठ झाले होते. तांड्याच्या मुलींनी आधी केंद्राचे सामने जिंकले, मग बीटचे, म्हणजे काही केंद्रं मिळून होणाऱ्या गटाचे. बीटच्या शेवटच्या सामन्यात सातवीतली निलम तीन मिनिटं दहा सेकंद पळाली आणि बाद झालीच नाही. तांड्यावरचा कोणताही संघ याआधी तालुक्याला गेला नव्हता. बारापैकी सात मुली सातवीत आहेत. आठवीला त्या कुठे कुठे पांगतील, त्यामुळे या संघाला पुढचं वर्ष नाही. निम्म्या मुलींचे आईबाप दिवाळीपासून ऊसतोडीला आहेत. मुली आज्यांजवळ राहतात आणि रूपाबाईंना याडी म्हणतात. याडी म्हणजे आई.

सव्वाअकराच्या सुमारास नियोजन समितीतले हरिचंद सर लिंबाखाली आले. यजमान शाळेत ते खेळाचे शिक्षक आहेत. बीटच्या सामन्यांना ते पंच म्हणून तांड्यावर गेले होते आणि रूपाबाईंच्या हातचं जेवलेही होते. त्यांनी रूपाबाईंचा चेहरा लगेच ओळखला. पुऱ्या लाटणाऱ्या दोन बायका आल्या नव्हत्या, पाहुणे साडेबाराला ताटावर बसणार होते.

“बाई, तुमी खिचडीवाल्या ना? देव भेटल्यावानी भेटल्या. दहा मिनिटं हात लावा जरा.”

रूपाबाईंनी बिल्ल्याकडे बोट दाखवलं. आपल्याला मुलींजवळ थांबायचं आहे, असं सांगितलं.

“अहो, व्यवस्थापकाला काय काम असतं? बसायचंच ना. सामना सव्वाबाराला हाय. मी हाय की तिथं.”

रूपाबाई उठल्या. तांड्यावर लग्न असो की तेरावं, चुलीला हात कमी पडले की त्यांनाच हाक येते आणि त्या जातात. शाळेतही तसंच. जेवायच्या कामाला नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि नाही कसं म्हणतात तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मुली बस म्हणत होत्या, पण दहा मिनिटांत येते, असं निलमला सांगून त्या शेडकडे गेल्या.

अकरा चाळीसला पाहुण्यांचा फोन आला की त्यांना लवकर निघायचं आहे. समितीने सामने अर्धा तास अलीकडे ओढले. ध्वनिक्षेपकावरून तांड्याच्या संघाचा पुकारा झाला. मुलींचे शिक्षक शिवशंकर सर मुलींना घेऊन रेषेजवळ आले. गुणपत्रकाच्या टेबलावरच्या माणसाने महिला व्यवस्थापक कुठे आहेत, असं विचारलं. निलम शेडच्या दिशेने पळाली.

शेडच्या तोंडाशी दोरी बांधली होती आणि यजमान शाळेचा एक स्वयंसेवक उभा होता. खेळाडूंचं जेवण एक वाजता, त्याआधी आत सोडायचं नाही, असं त्याला सांगितलेलं होतं. निलमने त्याला सांगितलं की तिला जेवायचं नाही, आत तिचं माणूस आहे. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. तिने दोरीवरून हाका मारल्या. भट्टीच्या आवाजात आणि शेडवरच्या भोंग्याच्या गाण्यात ना पुकारा शेडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचला, ना त्या हाका.

पुकारे तीन झाले. नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबले. अकरा एकावन्नला समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली. गुणपत्रकावर शेरा पडला, ‘महिला व्यवस्थापक गैरहजर’. खाली सही हरिचंद सरांची होती.

रूपाबाईंना हे बारा वाजता कळलं. भाजी न्यायला आलेल्या एका बाईने सहज सांगितलं, तांड्याच्या पोरी न खेळताच हरल्या म्हणे. रूपाबाईंनी लाटणं परातीत ठेवलं. हात न धुता त्या टेबलापाशी गेल्या आणि पिठाच्या हाताने बिल्ला काढून हरिचंद सरांसमोर ठेवला.

“मला कोनं बोलावलं व्हतं?”

हरिचंद सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मी बोलावलं, बराबर हाय. पर तुमी यायला नको व्हतं ना. तुमच्यावर टीम व्हती.”

हे वाक्य खरं होतं, आणि ते या माणसाच्या तोंडून यावं याचा त्यांना सगळ्यात जास्त संताप आला. असं त्यांनी नंतर सांगितलं.

मग त्यांनी शेरा बदलायला सांगितला. आपण गैरहजर नव्हतो, याच आवारात होतो. कुठे होतो ते सही करणाऱ्याला माहीत होतं. सरांनी समजावलं की शेरा पडून सही झाली, पुढचा सामना सुरू झालाय, चूक झाली, पुढच्या वर्षी बघू. शेजारी बसलेल्या एकाने, पुऱ्या मात्र फर्मास झाल्यात बाई, असं म्हणून वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही.

“मी हजर व्हते,” रूपाबाई म्हणाल्या. “तुमच्याच भट्टीवर व्हते. तेवढं लिवा.”

“असं कुठं लिहितेत का?”

“मग गैरहजर कुठून लिवलं?”

हरिचंद सरांनी लिहिलं नाही. शिवशंकर सरांनी गुणपत्रकाचा मोबाईलवर फोटो काढला, पण टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहून. त्यांची नोकरी याच तालुक्यात आहे.

एक वाजता मुलींना जेवायला बोलावलं. पाच जणी जेवल्या, कारण त्या पहाटेपासून उपाशी होत्या. सात जणी उठल्या नाहीत. रूपाबाई शेडकडे परत गेल्या नाहीत. उरलेली कणीक कोणी लाटली, हे त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या टेम्पोत निलम त्यांच्याकडे पाठ करून बसली. रूपाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिने तो झटकला. वाटेतलं जवळा बाजार हे गाव मागे पडलं.

“याडी, तुला कुनी बी काम सांगितलं की तू उठती,” निलम म्हणाली. “शाळेत सर म्हनले, उठली. त्यो मानूस म्हनला, उठली. आमी म्हनलो व्हतो, बस म्हनून. आमचं काहून न्हाई ऐकलं?”

 

टेम्पो तांड्यावर साडेचारला पोचला. शिवशंकर सरांचं म्हणणं होतं की प्रकरण वाढवू नये. संघ पुढे जाणार नाही तो नाहीच, उलट शाळेचं नाव चर्चेत येईल. रूपाबाईंनी ऐकून घेतलं आणि मोबाईलमधला फोटो मागितला.

“तुमी नका येऊ, सर. कागदावर नाव माझं हाय.”

फोटो त्यांनी तांड्याच्या किराणा दुकानात छापून घेतला. गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा हा प्रश्न होता. घरी वसराम, म्हणजे रूपाबाईंचे मालक, लिहायला तयार होते. रूपाबाईंनी त्यांना नको म्हटलं आणि वही घेऊन निलमच्या आजीच्या घरी गेल्या. निलमने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. रूपाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि सांगू लागल्या. निलम उभ्यानेच ऐकत राहिली. बिल्ला काढून कमरेला खोचल्याचं सांगून झालं तेव्हा ती खाली बसली आणि तिने पेन घेतलं.

अर्ज दीड पानांचा झाला. सामना परत खेळवावा, अशी मागणी पहिल्या ओळीत आहे. ते न जमल्यास ‘गैरहजर’ हा शब्द काढून त्या वेळी व्यवस्थापक कुठे होत्या आणि कोणाच्या सांगण्यावरून होत्या, ते लिहावं, अशी दुसरी. आपण उठायला नको होतं, हेही रूपाबाईंनी घालायला लावलं. निलम म्हणाली, ते नको, ते धरून बसतील. रूपाबाई म्हणाल्या, खरं हाय ते ऱ्हाऊ दे. सही त्यांनी स्वतः केली, पूर्ण नावाची. तिला दोन मिनिटं लागली.

रात्री जेवणाआधी त्या शाळेतल्या दुसऱ्या स्वयंपाकीण शालूबाई यांच्याकडे जाऊन आल्या आणि आपण उद्या शाळेत येणार नसल्याचं सांगितलं. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःहून घेतलेली ही पहिली सुट्टी आहे.

उद्या शुक्रवार. औंढ्याला जाणारी पहिली एसटी तांड्याच्या फाट्यावर आठ वाजून वीस मिनिटांनी थांबते आणि गटशिक्षण कार्यालय पावणेदहाला उघडतं.