जास्तीचा फेरा

मोरेश्वर परब कुवेतमध्ये फहाहीलच्या अलीकडे एका तेल कंपनीच्या कामावर पाइप फिटर. गाव कणकवलीकडचं. लग्नसराईत गावच्या बँडमध्ये तो सगळ्यात मोठा बाजा वाजवायचा, अंगाला अजगरासारखा वेढा घालून बसणारा. कुवेतला आला आणि बाजा सुटला, खोड तेवढी राहिली. जेवणाच्या सुट्टीत पाइपाचा तुकडा हाताला लागला की तोंड लावून पों-पों करायचा.

तेच एफ्राईनने ऐकलं. हा मेक्सिकोचा पोरगा, वेल्डिंग तपासायला आलेला. आपल्या मुलखाच्या ढंगाची गाणी स्वतः रचून गायचा. तिकडे अशा नव्या गाणाऱ्यांना पुरस्कार देतात, त्यासाठी गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. गिटार त्याची, अकॉर्डियनला एक गोवेकर मिळाला, पण मोठ्या बाजाशिवाय त्यांच्या गाण्याला बूडच नाही. सालमियातल्या एका शाळेतून त्याने बाजा मागून आणला आणि मोरेश्वरच्या गळ्यात घातला.

चाल सोपी, पुं-पा-पा, पुं-पा-पा. मोरेश्वरला वरातीत चालल्यासारखंच वाटलं. रेकॉर्डिंगच्या वेळी गाणं संपलं, एफ्राईनने हात वर केला. आता गावच्या बँडात मास्तरांचा हात वर गेला, की नवरा अजून मांडवात पोचलेला नाही, आणखी एक फेरा घ्या, असं समजायचं. मोरेश्वरने छाती भरून घेतली आणि अख्खा फेरा एकट्याने वाजवला. एफ्राईन हसला, त्याने खांदा थोपटला आणि त्याच संध्याकाळी तो सुट्टीवर घरी गेला.

तो हात थांबायला सांगत होता, हे खोलीवर येऊन सगळं सांगितल्यावर सोबत राहणाऱ्या गाववाल्या मुकेशने समजावलं.

"मेल्या, पोराचा वाटोळा केलंस," भात ढवळत मुकेश म्हणाला. "गाणा सरला तरी तुझी म्हस आपली हंबारताच हा."

मोरेश्वरला घास गोड लागेना. लग्नात बेसूर झालं तर खपून जातं, लोकांचं लक्ष जेवणाकडे. तिथे परीक्षक कान लावून बसणार. पोराने इतक्या आशेने गाणं बांधलं, आणि आपण त्याच्या शेपटाला हा धोंडा बांधून दिला.

एफ्राईन परतला तेव्हा मोरेश्वर पाइपांच्या ढिगाआड काम काढून बसला. त्याने तिथेही गाठलंच.

"मोरे, वुई आर इन फायनल."

मोरेश्वर उठून उभा राहिला. "सर, दॅट लास्ट पुं-पा-पा... माय मिस्टेक."

एफ्राईनला आधी कळेचना. मग त्याने दोन बोटांची कात्री केली. "दॅट? कट." विमानतळावर बसल्याबसल्याच कापून टाकलं होतं म्हणे.

मोरेश्वर तिथेच पाइपावर टेकला.

"म्हणजे तुझो फेरो कोणी ऐकूकच नाय," मुकेश खोलीवर म्हणाला.

"बरा झाला ता," मोरेश्वर म्हणाला आणि एफ्राईनने दिलेलं गाणं फोनवर लावलं. संपायला हवं तिथेच ते संपलं. खात्री करून घ्यायला त्याने पुन्हा लावलं.