लेव्हीच्या साहेबाचं सोंग

माझा नवरा बहुरूपी होता, आणि चिंताकी गावात आमच्यावर उपाशी राहायची पाळी आली ती केवळ माझ्या अकलेमुळं.

सुगी झाली की गावोगाव सोंगं काढायची आणि लोक देतील त्या ज्वारीवर वर्ष ढकलायचं, हा आमचा पिढीजात धंदा. त्या साली मारुतीचं सोंग घेऊन तीन गावं फिरलो. पदरात काय? पसाभर तूर! माझं डोकंच फिरलं. तेव्हा निजामाचा लेव्हीचा, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचा, साहेब घरात शिरून पोतीच्या पोती उचलायचा. मी म्हटलं, "मारुतीला आता कोण इचारतंय? त्या साहेबाचं सोंग घ्या. लोक पोट धरून हसतील!"

जुनी शेरवानी, रुमी टोपी आणि डिंकानं चिकटवलेली मिशी. (डिंक मीच लावला. जरा जास्तच लावला.)

चिंताकीच्या वेशीतून शिरताच नवरा गरजला, "ज्वारी किधर छुपाये रे?"

कुणी हसलं न्हाई. धडाधड दारं लागली! बायका पोती ओढत कडब्याच्या गंजीमागं पळाल्या. एक म्हातारा तर स्वतःच कणगीत जाऊन बसला! पाटील हात जोडून पुढं आला. "हुजूर, यंदा काहीच पिकलं न्हाई."

"पाटील, मी बहुरूपी हाय!"

"व्हय हुजूर, आपण म्हणाल तसं!"

नवऱ्यानं मिशी ओढली. निघेना! दोन्ही हातांनी हिसडली, तेव्हा अर्धी मिशी आणि थोडी कातडी हातात आली. पाटलाला उमजलं. गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं.

"आमचा जीव घ्यायलास व्हय रे? दाणा मिळणार न्हाई, चल नीघ!"

नवरा माझ्यावरच उखडला. "कामून ऐकलं मी तुझं!"

झालं! मी पारावर चढले. "माझ्यावर वरडायलाव? दोन दिस चूल पेटली न्हाई म्हणून सांगितलं मी! अन् तुम्ही गाववाले! पोती उचलून नेणाऱ्याला हुजूर म्हणता, अन् पसाभर मागणाऱ्यावर काठी? आमच्या आज्यानं तुमच्या आज्याला हसवलं, आता आम्हीच जड झालो?"

माझा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं.

मग पाटलानं मांडीवर थाप मारली. "वा! हे सोंग मात्र झ्याक हाय!"

गाव खदाखदा हसलं. एक अक्का सूपभर ज्वारी घेऊन आली, तिच्यामागं दुसरी.

"अरे, हे सोंग न्हाई!" मी किंचाळले. आणखी दोन सुपं आली!

पोत्याचं तोंड धरून नवरा हळूच म्हणाला, "थांबू नको. अर्धंच भरलंय."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी नवऱ्याचं निमूट ऐकलं, आणि आणखी जोरात ओरडले.