दोन हाकांनंतर

त्या गेममध्ये वाघ एकदाही दिसत नाही. दिग्दर्शकाची पहिली तक्रार हीच होती.

गेम लहान होता, मोबाइलवर खेळायचा. चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने तो शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तयार केला होता. पडद्यावर पहाटेचं जंगल असतं आणि एक मुलगी मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत असते. खेळणाऱ्याने बोटाने फुलं उचलून तिच्या टोपलीत टाकायची. दुसऱ्या झाडाखाली तिची आई आहे. ती दिसत नाही, मधूनमधून तिची हाक येते. हाक आली की वेचणं थांबवून बटण दाबायचं, म्हणजे मुलगी ओ देते आणि खेळ पुढे जातो. लागोपाठ दोन हाकांना ओ मिळाली नाही, तर तिसरी हाक येत नाही. फुलं पडत राहतात. थोड्या वेळाने पडदा पांढरा होतो आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

मोह वेचायची इकडची रीतच ही आहे. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही, म्हणून एकीने हाक द्यायची, दुसरीने ओ. ओ आली नाही, तर हातातलं काम टाकून तिच्या झाडाकडे जायचं.

दिग्दर्शक पुण्याचा होता. गेम त्याला कुणीतरी पाठवला, त्याने तो दोन दिवस खेळला आणि सिनेमा करायचं ठरवलं. बोलीतले संवाद मी लिहावेत, ही अट मुलीने घातली होती. मी शेजारच्या जिल्ह्याचा बातमीदार, सिनेमाशी संबंध नाही. मलाच का, हे मी विचारलं नाही. ओळखीतून नाव पुढे आलं असेल, असं धरून चाललो.

चंद्रपुरात दिग्दर्शकाने भाड्याने घेतलेल्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. आठवडाभरात पटकथेची चार पानं झाली आणि चारही फाडली गेली.

“गेममध्ये ओ द्यायला बटण आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “थिएटरात प्रेक्षकाच्या हातात काय आहे? पॉपकॉर्न. म्हणून वाघ दाखवावा लागेल.”

“वाघ दाखवाचा असंल तं ताडोबाले जा ना, सर,” मुलगी म्हणाली. “जिप्सी करून देतो तुमाले.”

वाघाचा विषय तिथे थांबला. खरी अडचण दुसरी होती. फुलं वेचणारी मुलगी ओ देत नाही, ती का? गेममध्ये या प्रश्नाला उत्तर लागत नाही. खेळणाऱ्याचं लक्ष गेलं, बोट चुकलं, दारात कुणी आलं. चूक खेळणाऱ्याची असते आणि ती त्याला आतून माहीत असते. सिनेमात तीच मुलगी समोर दिसते. तिने ओ दिली नाही की बघणारा कारण मागतो.

दिग्दर्शकाने कारणं शोधली. आईशी भांडण. पहाटेची झोप. शेवटी त्याने एक प्रियकर आणला, फोनवर बोलणारा.

“तिथी रेंजच नाई,” मुलगी म्हणाली. “पोरगा काय झाडावर बसून बोलन?”

“सिनेमात रेंज असते.”

“मंग आईले पण फोनच लावाले सांगा. हाक कायले मारते?”

मी हसलो. मग मी माझ्या धंद्याच्या सवयीने एकेक बाब पक्की करायला घेतली. मुलीला हाक ऐकू येते का?

“येते.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“मग ती काऊन ओ देत नाही?”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “मोबाइलवर गेम खेळून राह्यली होती.”

दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. गेमवरच्या सिनेमात गेम, हे आधी सुचायला हवं होतं, असं तो म्हणाला आणि लॅपटॉप ओढून टाइप करू लागला.

“लेव्हल संपतच आली होती, भाऊ,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “एवढी झाली की ओ देऊ म्हटलं मी.”

टाइप करणं थांबलं. मी वहीत ‘लेव्हल’ एवढाच शब्द लिहिला होता. त्यापुढे पेन हलेना.

ती बोलत राहिली. मोबाइल बाबाने दिला होता, वाघाची चाहूल लागली तर फोन करायला. जंगलात रेंज नव्हती. तो फक्त गेम खेळायच्या कामाचा होता. तेव्हा ती दहावीत होती.

“आईची बातमी तुमीच देली होती,” ती म्हणाली, आणि गावाचं नाव सांगितलं.

कुरखेडा तालुक्यातलं गाव. मला ती सकाळ आठवली. वाघाने मारलेल्या बाईचा नवरा, धानाची शेती करणारा माणूस, माझ्यासमोर उभा होता. त्याने सांगितलं, एकटीच गेली होती. मी तसं लिहिलं. पुढचं वाक्य अशा प्रत्येक बातमीत असतं: वाकून मोहफुले वेचत असताना दबा धरून बसलेल्या वाघाने मागून हल्ला केला. वास्तविक टोपली झाडाखाली होती आणि बाई पायवाटेवर सापडली होती. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. दोन्ही माझ्या वहीत होत्या. टोपली ठेवून ती वाटेवर का आली, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

ती ओ न देणाऱ्या मुलीकडे निघाली होती.

“बाबाले मी अजून सांगतलं नाई,” मुलगी म्हणाली. “पिच्चर पाहून समजू नाई त्याले. आधी मी सांगतो. तुमी चला संगं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात पोचलो. दिग्दर्शक आला नाही. मीच नको म्हटलं. बाप अंगणातल्या मांडवाखाली बांबू तासत बसला होता. मला त्याने लगेच ओळखलं. “या, भाऊ,” म्हणाला आणि बाज सरकवली.

मुलीने उभ्यानेच सांगितलं, चार-पाच वाक्यांत. हाक आली होती, दोनदा. मी गेम खेळत होती. ओ देली नाई.

बाप बांबू तासत होता. हात थांबला नाही.

“माहीत हाये,” तो म्हणाला.

“कसं काय?” मुलीने विचारलं.

“टोपली तिच्या झाडाखाली. थे वाटेवर, तुह्या झाडाच्या वाटेवर. ओ आली असती तं भरली टोपली सोडून उठली कायले असती?”

मी बाजेवर बसलो होतो. माझ्या वहीत होत्या त्याच दोन गोष्टी. त्याच सकाळी, तेवढ्याच वेळात, त्याने त्या जोडल्या होत्या आणि मग माझ्याकडे वळून सांगितलं होतं की बाई एकटी होती.

“मग मला एकटी काऊन सांगितलं?” मी विचारलं.

“तुमी वही घेऊन उभे होते ना, भाऊ.” त्याने आता कोयता खाली ठेवला. “पोरीचं नाव पेपरात येऊ द्याचं होतं का मी?”

मुलगी जमिनीवर बसली. मग तिने विचारलं, “पिच्चरमधी लिवू का, बाबा?”

“लिव. अन् मोबाइल कोनं देला होता, थेही लिव.”

पटकथेच्या पहिल्या दृश्यात आता एक बाप मुलीच्या हातात मोबाइल देतो. ते दृश्य तिनेच लिहिलं. दिग्दर्शकाने त्यातला एक शब्दही बदलला नाही. वाघ अजून नाही. त्यावर वाद चालू आहे. माझ्याकडे आईच्या दोन हाका लिहायचं काम आहे. त्यासाठी आई तिला काय म्हणून हाक मारायची, ते माहीत असायला हवं होतं. त्या सकाळच्या वहीत ते नाही. या वेळी मी विचारलं.