सात वेळा एकच मेसेज

अकोल्यात मी फवारणीचे पंप दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होतो. घर बाळापूरकडच्या एका खेड्यात, सहा एकर कोरडवाहू. त्या वर्षांत शेतीवाल्या घरात मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. दोन ठिकाणी चहा-पोहे झाले. दोन्हीकडचे "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. एकतिसावं लागलं तेव्हा मी मोबाईलवर ते ओळखी जुळवायचं ॲप घेतलं.

फोटो टाकला तो चुलतभावाच्या लग्नातला, उसन्या कोटातला. तीन महिने कोणाचंच काही आलं नाही. त्या ॲपवर ओळख नसतानाही मेसेज पाठवता यायचा. मग मी एक मजकूर तयार केला : 'आपण खूप सुंदर दिसता. माझ्याशी मैत्री कराल का?' खाली माझा नंबर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अकोला-अमरावतीतली जी दिसेल तिला तो पाठवायचा. उत्तर नाही आलं तर पुन्हा. चेहरेही मी धड बघत नव्हतो.

एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज.

"तुमी मले सात वेळा एकच मेसेज काहून पाठवला? अन् माह्या बहिणीलेही तोच?"

"चुकलं माह्यं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी बोललं होतं, म्हणून फोन ठेववेना. येत्या रविवारी पंपाचे पार्ट आणायला अमरावतीला जायचं होतं. समोर येऊन माफी मागतो, म्हणालो. तिने पलीकडे बहिणीला काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "स्टँडच्या कँटीनमदी या, अकरा वाजता. बहीण असंन सोबत."

खोटं कशाला सांगू, मी नवा शर्ट घेतला.

दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. फोन केलेली थोरली दवाखान्यात नर्स होती, धाकटी बी.एड. करत होती. "बसा भाऊ," थोरली म्हणाली, आणि त्या 'भाऊ'मध्ये मला काय ते कळलं. तिने आपला मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "वाचा. एका हप्त्याचे आहेत."

'हाय डियर.' 'नंबर दे.' 'एवढा माज कशाचा?' एकाने तिच्या चेहऱ्याला दहापैकी चार मार्क देऊन वर लिहिलं होतं, 'तरी चालन.' एकाने न विचारता असला फोटो पाठवला होता की मी मोबाईल पालथा ठेवला. पुन्हा उचलला तर खाली माझं वाक्य. एकाखाली एक, सात वेळा.

"मी घाण नाही लिहिलं काही," मी म्हणालो.

"नाही लिहिलं. पण मी ड्युटीवरून येते, मोबाईल उघडते, अन् हे सारं मलेच निस्तरा लागते. तुमचंही."

मी माफी मागितली. तिने नुसती मान हलवली. धाकटीला बहुधा माझी कीव आली. माझा मोबाईल घेऊन तिने ते ॲप उघडलं, बघितलं, आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुमाले कोणी नाही म्हनलंच नसंन. ज्याले पसंती कमी, त्याले हे ॲप खाली खाली ढकलते. तुमचा फोटो कोणाले दिसतच नसंन."

तीन महिने मी समजत होतो की बायका मला बघतात आणि पुढे जातात. त्याची सवय झाली होती. हे मात्र लागलं.

दोघींनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर यायच्या आधीच, मी ॲप काढून टाकलं.

पुढेही लग्न काही जमलं नाही. आईने सुनेचा विषय काढणं सोडलं. एकदा अमरावतीत डेंगीची साथ असल्याचं पेपरात वाचलं. दवाखान्यात त्या थोरलीचे काय हाल होत असतील, असं मनात आलं. तिच्या नंबरवर लिहिलं, 'बऱ्या आहात ना?' ते पाठवावं की नाही, बघत बसलो. तिने काही विचारलं नव्हतं; हा आठवा मेसेज झाला असता. मी ते पुसलं आणि समोरचा पंप खोलायला घेतला.