मेलेल्या सिद्धांताचा सत्कार

धैर्यशीलचा सिद्धांत मेला, ही बातमी त्यानंच मला कँटीनमध्ये चहा पिताना दिली. आम्ही दोघं सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचो. तो पाटणकडचा. विश्व वाढत्या वेगानं फुगतंय आणि त्यामागं कसलीशी अदृश्य ऊर्जा आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. हा म्हणायचा, ऊर्जाबिर्जा काही नाही, फार दूरवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो. त्यावर प्रबंध लिहिला. पण त्याच्या गणितात गुरुत्वलहरी प्रकाशापेक्षा हळू धावायच्या. दोन हजार सतरा साली दोन मेलेल्या ताऱ्यांची टक्कर टिपली गेली. तेरा कोटी वर्षं धावून लहर आणि प्रकाश दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ पोहोचले. त्यासरशी असले कितीतरी सिद्धांत बाद झाले, त्यात याचाही.

"गाइड काय म्हणाले?"

"त्या टकरीचं नावच काढू नको म्हणाले. परीक्षक आपलेच हायत."

मला शिसारी आली. डॉक्टरेट नाही तर कायमची नोकरी नाही, हे ठाऊक असूनही आली.

गावानं तर कहरच केला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! तोंडी परीक्षा व्हायची होती, तरी त्याचे चुलते, निवृत्त सुभेदार लालासाहेब, यांनी चौकात 'डॉ. धैर्यशील' असा फ्लेक्स लावला, मांडव घातला आणि गाइडनाच प्रमुख पाहुणे केलं. त्या सत्काराला मीही गेलो होतो. गाइडनी खुशाल फेटा बांधून घेतला. "या संशोधनानं जगाला दिशा दिली," म्हणाले. जराही लाजले नाहीत.

मग धैर्यशील उठला. "आवं, माझं गणित चुकलंय. सरांनाबी ठावं हाय."

लोकांना वाटलं, पोरगं किती नम्र! टाळ्या पडल्या.

"खोटी पदवी मी घेणार न्हाई," तो ओरडला, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या. गाइड फेटा काढून न जेवताच गाडीत बसले. लालासाहेब भडकले, "एवढी एक गोष्ट गिळली असतीस तर आभाळ कोसळलं असतं व्हय रं?"

त्याची आई राहीबाई पुढं आली. ही तरी पाठीवर हात ठेवेल, असं मला वाटलं.

"गाडी लांब गेली नसंल," ती म्हणाली. "पळ. सरांच्या पाया पड."

तो गेला नाही. जूनमध्ये कॉलेजनं त्याला पुन्हा तासिकांना बोलावलं नाही. आई अजून त्याच्याशी बोलत नाही.