प्रिंटरच्या पत्त्यावर सरांचा कॉम्प्युटर

"अकरा वेळा प्रिंट दिली, साहेब. कागद हलायला तयार नाही," कानडे भाऊसाहेब म्हणाले. ते तिसगावजवळच्या एका विद्यालयाचे क्लार्क. मी शाळांचे कॉम्प्युटर सांभाळणारा सर्व्हिस इंजिनिअर. सव्वाअकरा वाजले होते.

बाकावर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलीला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. नगरच्या नर्सिंग कॉलेजात मूळ कागद जमा करण्याचा तो शेवटचा दिवस होता. मुदत चारपर्यंत, एसटी साडेबाराची.

"पेन ड्राइव्हवर घ्या अन् चौकातल्या दुकानात काढा की," आई म्हणाली.

"ताई, दाखल्याचा कागद नंबरी असतो. तो शाळेबाहेर जात नाही."

"मंग पोरगी तरी कशी जायची शाळंबाहेर?"

भाऊसाहेबांनी उठून मला खुर्ची दिली.

शाळेत विंडोजऐवजी लिनक्स चालतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर बसवून तो बाकीच्यांना शेअर केलेला आहे. सगळ्यांची कामं आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रांगेत लागतात, तिथून प्रिंटरच्या आयपीवर जातात. आयपी म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर. हे नंबर राउटर, म्हणजे सगळी मशिनं एकमेकांना जोडणारा डबा, वाटतो.

रांग उघडली. अकरा दाखले अडकलेले, सगळे एकाच मुलीचे. त्या आठवड्यात दुसरं काही छापायला दिलंच नव्हतं.

"काही बदललंय का?"

"काही नाही. कोणी हातसुद्धा लावला नाही."

हे उत्तर मला सगळीकडे मिळतं.

मी प्रिंटरच्या आयपीला पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारली. ओ आली. पत्ता जिवंत आहे, असं मानून मी प्रिंटरवरच संशय घेतला. नेटवर्कची केबल बदलली. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पुन्हा टाकला. त्यात वीस मिनिटं गेली. मग प्रिंटर बंद केला आणि पुन्हा हाक मारली. तरीही ओ आली.

बंद प्रिंटर ओ देत नाही. त्या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी राहत होतं.

राउटरची यादी पाहिली, तर तो मुख्याध्यापकांच्या केबिनमधला कॉम्प्युटर निघाला. सोमवारी नवा आलेला.

"सकाळी मशिनी कोण सुरू करतं?"

"मीच की," शिपाई पोपटमामा म्हणाले. "सांजच्याला मेन स्विच पाडतो, सकाळी चालू करतो. आदी प्रिंटर लावायचो, त्याला तापाया येळ लागतो. आता आदी सरांचा. नवा हाय, हार घातलाय. पयला मान त्यांचा नको व्हय?"

राउटर साधा होता. वीज गेली की कुणाला कोणता नंबर दिला ते तो विसरे आणि सकाळी आधी येईल त्याला पहिला नंबर देई. इतकी वर्षं आधी प्रिंटर येत होता. सोमवारपासून सर येत होते. दाखले मुकाट्याने सरांच्या कॉम्प्युटरकडे जात होते आणि तो ते घेत नव्हता.

राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक नंबर कायमचा राखून ठेवला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तोच टाकला. रांग सोडण्याआधी दहा दाखले काढून टाकले, नाहीतर दहा नंबरी कागद वाया गेले असते. अकरावा बाहेर आला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का बसला. मुलगी घडी घालू लागली.

"थांब, शाई वली हाय," आई म्हणाली. मुलीने दाखला तळहातांवर आडवा धरला आणि दोघी तशाच फाट्याकडे निघाल्या. एसटी मिळाली. चारच्या आत कागद जमा झाल्याचा फोन भाऊसाहेबांना आला.

निघताना मी पोपटमामांना सांगितलं, "आता कोणतंही मशिन आधी लावा. फरक पडणार नाही."

"मंग सरांचाच लावतो."

सर्व्हिस रिपोर्टमध्ये 'कारण' असा रकाना असतो. तिथे मी 'आयपी बदलला' एवढंच लिहिलं. मानाला तिथे जागा नाही. मात्र तेव्हापासून 'कोणी हात लावला नाही' असं ऐकलं, की मी क्लार्कसमोरून उठतो आणि आधी शिपायाला गाठतो. सकाळी कुलूप उघडल्यापासून काय काय केलं, ते क्रमाने विचारतो.