रस्त्यात राहिलेले दगड

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या अपघाताचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तिथे निदान कुणीतरी कुणाचं वाईट चिंतलेलं असतं. इथे कुणीच कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं आणि एक बाई जिवानिशी गेली.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यात एका ठाण्याला सहायक निरीक्षक होतो. देवगाव फाट्यावरून जिंतूरकडे जाणारा रस्ता आमच्या हद्दीत यायचा. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. मी जन्मभर मोटरसायकल चालवली. जीप सरकारी कामाला, बाकी सगळीकडे माझी बुलेट. त्यामुळे मोटरसायकलवाल्यांना लोक काय काय बोलतात ते मी वर्दीत असतानाही ऐकलं आणि वर्दी उतरवल्यावरही ऐकलं.

सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, जायचे दिवस होते. दिवेलागणीला ठाण्यात फोन आला की एका छोट्या पुलाजवळ मोटरसायकल पडली आहे. तेवीस वर्षांचा एक तरुण आईला तिच्या माहेराहून घरी घेऊन येत होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, हेल्मेटला तडा गेला, पण तो वाचला. आईच्या डोक्यावर फक्त पदर होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली. मागे बसलेल्याचंही डोकंच असतं, हे आमच्याकडे आजसुद्धा कुणाला पटवता येत नाही.

सगळ्यांत आधी मदतीला पोहोचला तो पन्नाशीतला एक शेतकरी. मोंढ्यावर माल घालून रिकामी ट्रॉली घेऊन परत चालला होता. त्यानेच मायलेकरांना ट्रॉलीत घालून दवाखान्यात आणलं. बाईचं डोकं त्याने स्वतःच्या उपरण्याने बांधलं होतं. त्याने जबाब दिला, "गाडी लय स्पीडमदी व्हती सायब. फटफट करीत माझ्या पुढून गेली आन् पुलाजवळ जाऊन पडली."

यावर शंका घेण्याचं कुणाला कारणच नव्हतं. पोराच्या गाडीचा सायलेन्सर बदललेला होता. आमच्या हवालदाराने फाट्यावर त्याला त्यासाठी दंडही केला होता. हवालदार म्हणाला, हाच तो, मी म्हणत होतो ना, एक दिवस हा कुणाला तरी घालवील. गुन्हा दाखल झाला: भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत. आरोपी, मुलगा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलाचा बाप भेटला. पोराच्या खाटेकडे तो फिरकलाच नव्हता. मला म्हणाला, "सायब, त्याला आत टाका. माझ्या घरी नका पाठवू."

मुलाचा जबाब घ्यायला गेलो. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. समोरून आलेल्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला, ती गाडी गेली आणि पुढे एकदम दगड. हवालदाराने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्यावर दगड नव्हताच. मीही स्वतः विजेरी घेऊन पाहिलं होतं. डांबर स्वच्छ होतं.

पण सकाळी ठाण्याच्या आवारात ती गाडी पाहिली आणि मी थांबलो. पुढच्या चाकाचं रिंग एकाच जागी आत दबलं होतं. गाडी घसरून पडली तर आरसा फुटतो, हँडल वाकतं, फूटरेस्ट घासला जातो. रिंग असं दबत नाही. ते कशावर तरी समोरून आदळावं लागतं. हवालदाराला दाखवलं तर तो म्हणाला, "स्पीडच तशी असंल साहेब." आमच्याकडे मोटरसायकलच्या प्रत्येक अपघाताचं निदान या एका शब्दात होतं. डॉक्टरसुद्धा इतक्या लवकर निदान करत नाहीत.

मी बुलेट काढली आणि त्या पुलावर गेलो. रस्त्याच्या कडेला, गवतात, चार-पाच मोठे दगड पडले होते. काल विजेरीच्या उजेडात पाहिलेही असतील, पण कडेच्या दगडाकडे कोण बघतो? आता उचलून पाहिले. त्यांच्या बुडाला शेतातली काळी माती चिकटलेली होती. जवळच्याच बांधावर ते निघाल्याचे खळगे ताजे दिसत होते. एका दगडावर टायरचा काळा ओरखडा होता.

आमच्या भागातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली की पाना-जॅक काढायच्या आधी माणूस दगड शोधतो आणि गाडीच्या मागे ओळीने मांडतो. मागून येणाऱ्याने सावध व्हावं म्हणून. रीत चांगली आहे. गाडी दुरुस्त झाली की माणूस गाडी घेऊन जातो, दगड तिथेच राहतात. दगड लावायची रीत आहे, काढायची नाही.

मग दगड कुणाचे? त्याच दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. बोलणारा एवढंच म्हणाला, "त्या पुलापाशी काल एक ट्रॉली पंक्चर व्हती. फाट्यावर इचारा." फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने लपवाछपवी केली नाही. सोयाबीनने भरलेली ट्रॉली होती, त्यानेच जाऊन टायर काढला होता. ट्रॉली कुणाची ते त्याने सांगितलं आणि मी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. ज्याने त्या बाईचं डोकं उपरण्याने बांधलं, त्याचीच.

त्याला ठाण्यात बोलावलं. दंडुका टेबलावर ठेवायची आमच्यात पद्धत होती, मी तो कपाटात ठेवला. माझा अनुभव असा की खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला दटावलं की तो घट्ट होतो. त्याला घडाघडा सांगू द्यावं. मी अपघाताचं नावच काढलं नाही. यंदा उतारा कसा पडला, भाव काय लागला, ट्रॉली वाटेत कुठे बंद पडली का, असं विचारत गेलो. मी पंक्चर म्हटल्यावर त्याने हातातला चहा खाली ठेवला.

तो म्हणाला, "दगड मीच लावलो सायब. लोकाला ट्रॉली दिसावी म्हणून लावलो."

"मग काढले का नाहीत?"

त्याने माझ्याकडे खरोखरच नवलाने पाहिलं. "कोण काढतंय सायब?"

खरंच, कोण काढतं? मला त्याचा आणखीच राग आला. पुढचं त्याने आपणहून सांगितलं. मोंढ्यावरून परत येताना तो पुलाजवळ पोहोचला तर आपल्याच दगडांजवळ दोघं पडलेली. आधी दगड कडेला फेकले, मग बाईला उचललं. गाडी भरधाव जाताना त्याने पाहिलीच नव्हती. मी विचारलं, मग पोरावर ढकललं कशाला? मान खाली घालून तो म्हणाला, "फटफटीवाल्याचं कुणाला बी खरं वाटतंय सायब."

हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं आणि ते खरं करण्यात आमचाही हात होता. नाक्यावर उभं राहून आम्ही अडवायचो ती मोटरसायकल. ती हलकी, एकटी, कुणाचा फोन न येणारी. लायसन दाखव, हेल्मेट कुठंय, पावती फाड. त्याच वेळी मागून लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या जायच्या आणि आम्ही म्हणायचो, जाऊ द्या, माल घालायला चाललाय. आमचे मोटरसायकलवालेही काही कमी नाहीत. हेल्मेट टाकीवर ठेवून हिंडायचं आणि नाका दिसला की डोक्यावर चढवायचं. पोलिसाला चुकवलं म्हणजे मरण चुकवलं असा हिशेब. तरी पण दंडाची पावती म्हणजे स्वभावाचा दाखला नव्हे. कर्कश सायलेन्सरचा दंड सायलेन्सरपुरता. त्यावरून पोराला आईचा मारेकरी ठरवायचं?

शेतकऱ्याला घेऊन आम्ही जागा दाखवण्याचा पंचनामा केला. परतताना, अगदी ठरवून केल्यासारखी, आमची जीप पंक्चर झाली. चालकाने उतरून आधी काय करावं? कडेचे दगड आणून मागे मांडले. स्टेपनी बसली, आम्ही सगळे चढलो, हवालदारही चढला, चालकाने गाडी सुरू केली. तो शेतकरी मात्र खालीच उभा होता. हवालदार खेकसला, "चढतो का आता?"

"दगड राह्यले ना सायब," तो म्हणाला.

मग तो एकटाच वाकून दगड उचलायला लागला. एकेक दगड पोटाशी धरून तो रस्त्यापासून लांब, पार बांधापर्यंत नेऊन ठेवत होता. आम्ही पोलीस जीपमध्ये बसून बघत होतो. शेवटी मीच खाली उतरलो आणि राहिलेले दोन दगड उचलले.

संध्याकाळी मी स्वतः मुलाच्या घरी गेलो. दवाखान्यातून त्याला मामाने आणून सोडलं होतं. हात गळ्यात बांधून तो ओट्याच्या टोकाला बसला होता आणि बाप दुसऱ्या टोकाला. दोघांच्या मध्ये बसून मी सगळं सांगितलं: दगड कुणाचे, कसे राहिले, गाडीचा वेग ज्याने सांगितला त्याने गाडी पाहिलीच नव्हती. मुलाचं नाव आरोपी म्हणून वगळायचा अहवाल पाठवतोय, हेही सांगितलं. मी उठून गाडीपर्यंत गेलो तेव्हा मागे बापाचा आवाज आला.

"जेवलास का रं?"

मुलगा रडायला लागला. मी गाडीला किक मारली नाही, कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

या तपासाने मला इतकंच शिकवलं की रस्त्यावर माणसं मारायला दुष्टपणा लागत नाही, माझं काम झालं एवढं वाटणं पुरतं. आणि गुन्हेगार कोण हे आवाजावरून ठरवू नये, ना माणसाच्या, ना सायलेन्सरच्या.

आजही मी बुलेटवर जिंतूरकडे जातो. रस्त्यात असे दगड दिसले की गाडी कडेला लावून ते बाजूला करतो. वय झालंय, वाकायला वेळ लागतो. परवा असाच वाकलो होतो तर मागून एक मोटार हॉर्न वाजवत आली. काच खाली करून आतला माणूस म्हणाला, "ओ काका, तुमा बुलेटवाल्यायला रस्ता बापाचा वाटतो का?" मी दगड उचलून कडेला नेला आणि त्याला जायला वाट करून दिली.